त्वचेचा लिम्फोमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'त्वचेचा लिम्फोमा' हे शब्द बहुतेक जण पहिल्यांदा वाचतात ते बायॉप्सीच्या रिपोर्टवर. तोवर त्याच चट्ट्याला इसब, गजकर्ण, सोरायसिस, ॲलर्जी अशी तीन-चार नावं मिळून गेलेली असतात आणि घरात अर्धवट वापरलेल्या मलमांच्या ट्यूबा साठलेल्या असतात. मग एका कागदावर 'लिम्फोमा' येतं आणि सगळं घर हादरतं. या पानावर आधी नावांचा गुंता सोडवला आहे आणि उपचार नंतर घेतले आहेत. क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे, कारण या एका नावाखाली आपोआप विरून जाणाऱ्या पुरळापासून काही महिन्यांत जीव घेणाऱ्या आजारापर्यंत सगळं येतं. आपला प्रकार कोणता हे कळेपर्यंत उपचारांबद्दल वाचलेलं काहीही तुम्हाला लागू पडेल याची खात्री नाही.

लिम्फोमा तर गाठींचा आजार ना? तो त्वचेत कुठून आला?

लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. लिम्फोसाइटचे टी आणि बी असे दोन मुख्य प्रकार. या पेशी फक्त मानेतल्या, काखेतल्या आणि जांघेतल्या लसीका ग्रंथींतच बसून राहत नाहीत. त्वचा म्हणजे शरीराचं कुंपण, त्यामुळे तिथे पहारा कायमचाच. निरोगी माणसाच्या त्वचेत रक्तातल्यापेक्षाही जास्त टी-लिम्फोसाइट असतात. त्यातल्या एखाद्या पेशीचा वंश आवरेनासा झाला की लिम्फोमा थेट त्वचेतच सुरू होतो.

निदानाच्या वेळी आजार त्वचेपलीकडे कुठेच सापडला नाही, तर त्याला 'प्राथमिक' म्हणतात. आतल्या ग्रंथींत सुरू झालेला लिम्फोमा नंतर त्वचेत उतरला, तर तो 'दुय्यम'. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही अगदी सारखे दिसू शकतात, पण त्यांची वागणूक वेगळी असते आणि उपचारही. म्हणूनच फक्त काचपट्टीवर विसंबून चालत नाही, आतली तपासणीही करावी लागते. या पानावर जे आहे ते प्राथमिक प्रकारांबद्दल.

लसीका ग्रंथींबाहेर सुरू होणाऱ्या नॉन-हॉजकिन लिम्फोमांमध्ये पचनमार्गाखालोखाल त्वचेचा क्रमांक लागतो. तरी आजार दुर्मीळच आहे. वर्षाला लाखात साधारण एक नवा रुग्ण, किंवा त्याहूनही कमी.

म्हणजे हा स्किन कॅन्सरच झाला ना?

नाही. ज्याला आपण स्किन कॅन्सर म्हणतो तो त्वचेच्या स्वतःच्या पेशींचा असतो, उदाहरणार्थ मेलानोमा. इथे त्वचा ही फक्त जागा आहे, बिघडलेल्या पेशी रोगप्रतिकारशक्तीच्या आहेत. त्यामुळे 'कापून काढा आणि मोकळे व्हा' हा हिशेब इथे बहुधा लागू पडत नाही. उन्हाशीही याचा तसा संबंध नाही. सगळ्यांत नेहमीचा प्रकार तर कपड्यांखाली झाकलेल्या भागावरच आधी उगवतो.

कशामुळे होतो? माझं काही चुकलं का?

तुमचं काही चुकलेलं नाही. आहार, साबण, चुकून खाल्लेलं काही, मनावरचा ताण यांपैकी कशालाही याचं कारण म्हणता येत नाही. आयुष्याच्या ओघात एखाद्या लिम्फोसाइटच्या जनुकांत बदल साचत जातात आणि तिची पिल्लावळ वाढत राहते. हे बदल जन्मजात नसतात, म्हणून मुलांना वारशात जाण्याची भीती बाळगायचं कारण नाही.

काही अपवाद आहेत. एचटीएलव्ही-१ नावाच्या विषाणूमुळे होणारा टी-पेशींचा ल्यूकेमिया-लिम्फोमा त्वचेवर हुबेहूब असाच दिसू शकतो. हा विषाणू ज्या प्रदेशांत आढळतो तिथल्या रुग्णांची त्यासाठी रक्ततपासणी करतात. युरोपच्या काही भागांत गोचिडीतून येणाऱ्या बोरेलिया जिवाणूचा एका संथ बी-पेशी प्रकाराशी संबंध आढळला आहे.

हात लावल्याने, एकच टॉवेल वापरल्याने दुसऱ्याला होतो का?

नाही. जवळ बसा, मिठी मारा, एका अंथरुणात झोपा.

रिपोर्टमध्ये 'मायकोसिस फंगॉइड्स' लिहिलंय. मायकोसिस म्हणजे बुरशी ना?

शब्दाचा अर्थ तोच, पण आजाराचा बुरशीशी काडीचाही संबंध नाही. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ जाँ-लुई आलिबेर यांनी १८०६ मध्ये या आजाराच्या एका रुग्णाचं वर्णन केलं. त्याच्या अंगावरच्या गाठी त्यांना अळंबीसारख्या वाटल्या आणि १८३२ मध्ये त्यांनी हे नाव वापरलं. नाव चुकीचं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी दोनशे वर्षांत ते कुणी बदललेलं नाही. त्याचा खराखुरा तोटाही होतो: रिपोर्ट वाचून बुरशीचं मलम सुरू करणारे लोक आहेत.

एकूण प्रकार किती आहेत?

डझनाहून जास्त. सगळे पाठ करायची गरज नाही, पण मांडणी कशी आहे ते समजून घ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि युरोपातली कॅन्सर संशोधन संघटना ईओआरटीसी यांनी मिळून केलेलं वर्गीकरण २००५ मध्ये आलं, २०१८ मध्ये ते सुधारलं गेलं. २०२२ मध्ये आणखी दोन वर्गीकरणं आली आणि काही नावं पुन्हा बदलली. त्यामुळे दोन प्रयोगशाळांच्या रिपोर्टांत एकाच आजाराची दोन नावं दिसली तर घाबरू नका. आधी विचारा की हे दोन वेगळे आजार आहेत की एकाचीच दोन नावं.

पहिला फाटा टी-पेशी की बी-पेशी हा. पाश्चात्त्य देशांत साधारण तीन-चतुर्थांश रुग्ण टी-पेशींचे असतात, उरलेले बी-पेशींचे. दुसरा फाटा संथ की आक्रमक हा, आणि रुग्णाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा फाटा हाच.

टी-पेशींच्या बाजूला मायकोसिस फंगॉइड्स सर्वांत मोठा. त्वचेच्या सगळ्या लिम्फोमांपैकी जवळजवळ निम्मे तेच. त्याखालोखाल सीडी३० हे चिन्ह असलेल्या पेशींचा गट येतो: लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिस आणि त्वचेतला ॲनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा. मग सेझारी सिंड्रोम आणि बाकीचे विरळ प्रकार. त्यांतला एक त्वचेखालच्या चरबीत वाढतो, पॅनिक्युलायटिससारखा टी-पेशी लिम्फोमा. तो अनेकदा तरुण स्त्रियांत दिसतो आणि ल्युपस या प्रतिकारशक्तीच्या आजारातल्या सुजेशी त्याची सहज गल्लत होते. त्याच्या बऱ्याच रुग्णांत एचएव्हीसीआर२ या जनुकात जन्मजात बदल सापडतो, म्हणजे वारशाबद्दल वर जे म्हटलं त्याला हा प्रकार अपवाद आहे. त्यात केमोथेरपीऐवजी स्टेरॉइड आणि सायक्लोस्पोरिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं अनेकदा पुरतात. याच्या शेजारीच बसणारा गॅमा-डेल्टा टी-पेशी लिम्फोमा मात्र अत्यंत आक्रमक असतो. एकेकाळी हे दोन्ही एकाच नावाखाली होते. नावांचा एवढा आटापिटा कशासाठी, याचं उत्तर या एका जोडीत आहे.

मायकोसिस फंगॉइड्स दिसतं कसं?

सुरुवातीला पातळ, किंचित खवले असलेले, लालसर किंवा तपकिरी चट्टे. नितंब, मांड्यांचा वरचा भाग, कंबर, स्तन, काखेच्या आसपास, म्हणजे जिथे ऊन पोचत नाही तिथे. चट्टा वर्षानुवर्षं आहे तसा राहतो, मलमाने फिकटतो, पुन्हा उमटतो. त्यावरची त्वचा कधी सिगारेटच्या कागदासारखी चुरगळलेली दिसते. काही जणांत चट्टे जाड होतात. थोड्यांमध्ये गाठी येतात आणि त्या फुटून जखमा होतात. पातळ चट्टा, जाड चट्टा, गाठ अशा या पायऱ्या असल्या तरी प्रत्येकाला त्या चढाव्याच लागतात असं नाही. बहुतेक रुग्ण पहिल्या एक-दोन पायऱ्यांवरच आयुष्य काढतात.

सावळ्या आणि काळ्या त्वचेबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण पाठ्यपुस्तकांतली बरीच छायाचित्रं गोऱ्या त्वचेची असतात. गडद त्वचेवर लाली दिसतच नाही. जांभळट, राखाडी किंवा गडद तपकिरी छटा दिसते. शिवाय याचा एक पांढुरका प्रकार आहे, फिकट रंगाचे चट्टे असलेला. तो गडद त्वचेच्या लोकांत आणि लहान मुलांत जास्त दिसतो. कोड, कुष्ठरोग, शिबं, मुलांच्या गालावर येणारे फिकट डाग, सगळ्यांशी त्याची गल्लत होते. कोडात रंग पूर्ण जातो आणि त्वचा गुळगुळीत राहते. इथे रंग फिकटतो पण पूर्ण जात नाही आणि बारीक खवला असू शकतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्याची संवेदना कमी होते, इथे ती शाबूत असते. हा पांढुरका प्रकार सहसा संथ असतो आणि प्रकाशोपचाराला छान दाद देतो.

केसांच्या मुळांशी वाढणारा प्रकार मात्र जरा हट्टी. तो चेहरा, मान आणि डोक्यावर येतो, भुवया विरळ होतात आणि खाज खूप. पेशी खोलवर असल्यामुळे मलम आणि प्रकाश दोन्ही नीट पोचत नाहीत.

सेझारी सिंड्रोम म्हणजे याचीच पुढची पायरी का?

बहुधा नाही. पूर्वी तसं मानत, आता तो वेगळा आजार धरतात. सगळं अंग लाल होतं, लसीका ग्रंथी वाढतात आणि मेंदूसारखी वळणं असलेलं केंद्रक असणाऱ्या टी-पेशी रक्तात फिरू लागतात. अल्बेर सेझारी यांनी १९३८ मध्ये या पेशींचं वर्णन केलं. तळहात-तळपाय जाड होऊन भेगाळतात, खाज झोपू देत नाही आणि थंडी वाजत राहते, कारण एवढ्या लाल त्वचेतून उष्णता सतत बाहेर जात असते. हा गंभीर आजार आहे. त्याचे उपचार सुरुवातीपासूनच सगळ्या शरीरावर काम करणारे असतात.

माझे फोड येतात आणि आपोआप जातात. तरी रिपोर्टमध्ये लिम्फोमासारखं काहीतरी लिहिलंय. हे कसं?

तुम्हाला बहुधा लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिस आहे. लालसर पुटकुळ्या उठतात, मध्यभागी काळसर खपली धरते, काही आठवड्यांत त्या बऱ्या होऊन वण राहतो आणि दुसरीकडे नव्या उठतात. काचपट्टीवर मात्र पेशी अशा भयंकर दिसतात की रुग्णाची हकिकत न ऐकता रिपोर्ट लिहिणारा माणूस आक्रमक कॅन्सरच लिहील. इथे निदान पेशींपेक्षा 'आले आणि गेले' या तुमच्या दोन शब्दांवर ठरतं. म्हणून फोड असताना आणि गेल्यावर असे दोन्ही फोटो काढून ठेवा.

या आजाराने माणूस दगावत नाही म्हटलं तरी चालेल. पण काही जणांत आधी, सोबत किंवा पुढे दुसरा लिम्फोमा उद्भवतो, त्यामुळे नियमित दाखवत राहणं सोडायचं नाही. त्रास कमी असेल तर उपचार न करणं हाही रास्त पर्याय आहे. फोड फार येत असतील तर कमी मात्रेतलं मेथोट्रेक्सेट चांगलं चालतं.

बी-पेशींचे प्रकार कोणते?

तीन लक्षात ठेवा. मार्जिनल झोन प्रकार धडावर आणि हातांवर लालसर गाठींच्या रूपात येतो. फॉलिकल सेंटर प्रकार बहुधा डोकं, कपाळ किंवा पाठीवर येतो. दोन्ही संथ आहेत. पाच वर्षांनंतर ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण हयात असतात. पहिला तर इतका सौम्य की २०२२ च्या एका वर्गीकरणाने त्याच्या नावातून 'लिम्फोमा' हा शब्दच काढून टाकला.

तिसरा आहे लेग टाइप, मोठ्या बी-पेशींचा. तो जास्त करून सत्तरीपुढच्या स्त्रियांत, पायाच्या नडगीवर झपाट्याने वाढणाऱ्या लाल-निळसर गाठींच्या रूपात येतो. हा आक्रमक. नाव पायाचं असलं तरी तो इतरत्रही येऊ शकतो.

इतकी वर्षं निदान का झालं नाही? डॉक्टर चुकले का?

कधी चुकतातही, पण बहुतेक वेळा आजारच फसवा असतो. पहिला चट्टा आणि निदान यांत तीन-चार वर्षं जाणं नेहमीचं आहे, दहा वर्षं गेलेलेही असतात. सुरुवातीच्या काळात त्वचेत बिघडलेल्या पेशी मूठभर आणि त्यांच्याशी लढायला आलेल्या निरोगी पेशी भरपूर असतात. त्यामुळे काचपट्टीवर 'इसबासारखी सूज' एवढंच दिसतं. त्यात स्टेरॉइड मलमाने चट्टा फिकटतो आणि सगळ्यांना वाटतं, निदान बरोबर होतं. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली मलमं तर कुठलंच निदान धड राहू देत नाहीत.

संशय कधी यावा? प्रौढ वयात पहिल्यांदाच झालेलं 'इसब', झाकलेल्या जागी, वर्षानुवर्षं त्याच ठिकाणी, नेहमीच्या इलाजाला पुरतं न जुमानणारं. असं असेल तर बायॉप्सी मागायला संकोच करू नका.

इसबासाठी इंजेक्शन सुरू केलं आणि चट्टे वाढले. संबंध आहे का?

असू शकतो. ड्युपिलुमॅब हे इसबावरचं इंजेक्शन घेतल्यावर टी-पेशींचा लिम्फोमा उघड झाल्याच्या किंवा भडकल्याच्या नोंदी आहेत. अनेकांना तो आजार आधीपासून असावा आणि इसब हे निदानच चुकलेलं असावं, असं मानलं जातं. प्रौढपणी सुरू झालेल्या, न जुमानणाऱ्या इसबाला अशी औषधं देण्याआधी एक बायॉप्सी करून घेणं माझ्या मते शहाणपणाचं.

बायॉप्सी एकदा झाली, पुन्हा कशाला?

कारण एक तुकडा खोटं बोलू शकतो. दोन-तीन वेगवेगळ्या चट्ट्यांतून, थोड्या काळाने पुन्हा, असं करावं लागणं इथे नेहमीचंच. त्याआधी दोन ते चार आठवडे त्या जागी स्टेरॉइड मलम बंद ठेवायचं, नाहीतर पेशी दबून जातात. आधीच्या काचपट्ट्या आणि मेणात जपलेला तुकडा परत मागून घ्या. तो तुमचा आहे आणि दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवायला लागतो. जमल्यास त्वचेच्या पॅथॉलॉजीचा खास अभ्यास असलेल्या व्यक्तीकडूनच वाचून घ्या, आणि चट्ट्यांचे फोटो सोबत पाठवा.

रिपोर्टमधले सीडी३, सीडी७ असले आकडे काय सांगतात?

ही पेशींच्या अंगावरची ओळखचिन्हं. सीडी३ म्हणजे टी-पेशी, सीडी२० म्हणजे बी-पेशी. मायकोसिस फंगॉइड्समध्ये बहुधा सीडी४ असलेल्या पेशी वाढतात आणि सीडी७, कधी सीडी२ किंवा सीडी५ हरवतं. पांढुरक्या प्रकारात अनेकदा सीडी८ पेशी असतात. पेशी वरच्या थरात शिरून पुंजके करतात, त्यांना पॉत्रिए यांचे सूक्ष्म गळू म्हणतात. ते दिसले तर निदान पक्कं होतं, पण सुरुवातीच्या आजारात ते बहुतेकदा नसतातच.

'क्लोनॅलिटी पॉझिटिव्ह' म्हणजे बऱ्याच पेशी एकाच पेशीच्या वंशातल्या आहेत. त्याने संशय बळावतो, पण तेवढ्यावर कॅन्सर ठरत नाही. काही साध्या त्वचारोगांतही असा वंश सापडतो. दोन वेगळ्या जागांच्या तुकड्यांत तोच वंश सापडला तर त्याला जास्त वजन.

स्टेज कशी ठरते?

मायकोसिस फंगॉइड्स आणि सेझारीसाठी चार गोष्टी पाहतात: त्वचा, लसीका ग्रंथी, आतले अवयव आणि रक्त. त्वचेचा हिशेब तळहाताने करतात. बोटांसह तुमचा पंजा म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. चट्टे १० टक्क्यांहून कमी भागावर असतील तर टी१, त्याहून जास्त असतील तर टी२. १ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी गाठ असेल तर टी३. अंगाचा ८० टक्के किंवा जास्त भाग लाल झाला तर टी४. फक्त टी१ असेल तर स्टेज १ए, टी२ असेल तर १बी. ग्रंथी सुजल्या पण त्यांत आजार नसेल तर २ए. गाठी आल्या की २बी. सर्वांग लाली म्हणजे ३. रक्त, ग्रंथी किंवा आतले अवयव ठळकपणे गुंतले तर ४.

इतर प्रकारांची मोजणी वेगळी असते. 'स्टेज टू' ऐकून दुसऱ्या कुठल्या कॅन्सरशी तुलना करू नका, मोजपट्टीच निराळी आहे.

सगळ्यांनाच पेट स्कॅन लागतो का?

नाही. थोडेच पातळ चट्टे, ग्रंथी हाताला लागत नाहीत, रक्त ठीक, अशा वेळी स्कॅनने बहुधा काही नवं कळत नाही. गाठी, सर्वांग लाली, वाढलेल्या ग्रंथी किंवा आक्रमक प्रकार असेल तर हवाच. बी-पेशींच्या लिम्फोमात मात्र तो आतून आलेला नाही ना, हे पाहण्यासाठी स्कॅन सहसा करतात.

कॅन्सर आहे, तर लगेच केमोथेरपी का देत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि नातेवाइकांकडून जरा रागाने येतो. डॉक्टर नुसतं मलम लिहून देतात हे त्यांना हलगर्जीपणाचं वाटतं.

याची थेट परीक्षा झालेली आहे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मायकोसिस फंगॉइड्सच्या १०३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला सुरुवातीलाच जोरदार केमोथेरपी आणि सगळ्या अंगाला किरणोपचार. दुसऱ्याला आधी साधे त्वचेचे उपचार, गरज पडेल तसे पुढचे. जोरदार उपचारांनी आजार जास्त जणांत मावळला, पण आयुष्य वाढलं नाही, आणि दुष्परिणाम मात्र खूप झाले. तेव्हापासून पायरी-पायरीने जाणं हीच रीत आहे.

कारणही समजण्यासारखं आहे. केमोथेरपी भराभर विभागणाऱ्या पेशी मारते, या पेशी संथ असतात. शिवाय शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती या आजाराला बरीच वर्षं दाबून ठेवत असते. केमोने आपण त्या राखणदारालाच झोपवतो.

मग सुरुवातीचे उपचार कोणते?

तीव्र स्टेरॉइड मलम पातळ चट्ट्यांवर चांगलं काम करतं. मेक्लोरेथामिनचं जेल हे पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड वायूच्या कुळातलं औषध. त्याच कुळातून पहिली केमोथेरपी जन्मली, आणि इथे ते फक्त त्वचेवर लावतात. अमेरिकेत या जेलला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. त्याने त्वचा लाल होते, चुरचुरते. ती वेळ आली तर दिवसाआड लावायचं की काही दिवस थांबायचं, हे डॉक्टरांना विचारून ठरवा, स्वतःहून कायमचं बंद करू नका. लावताना घरातल्या इतरांनी, विशेषतः गरोदर स्त्रीने, हातमोज्यांशिवाय हाताळू नये.

अंगभर चट्टे असतील तर प्रकाशोपचार. नॅरोबँड यूव्हीबी म्हणजे अतिनील किरणांचा अरुंद पट्टा, तरंगलांबी ३११ नॅनोमीटरच्या आसपास, आठवड्यातून दोन-तीन वेळा, काही महिने. जाड चट्ट्यांना आणि केसांच्या मुळांपाशी जाणाऱ्या आजाराला पुवा बरा, त्यात सोरालेनची गोळी घेऊन यूव्हीए प्रकाश देतात. पुवाच्या दिवशी डोळ्यांना संरक्षक चष्मा लागतो आणि कडक उन्हात हिंडायचं नाही. प्रकाशोपचार ज्यांनी मधेच सोडला त्यांना तो 'लागू पडला नाही' असं वाटतं. खरं तर वीस-पंचवीस फेऱ्यांआधी निकाल लावूच नये.

किरणोपचार कधी?

हा आजार किरणांना फार लवकर दाद देतो. एखाद-दुसरी गाठ असेल तर ८ ते १२ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) इतक्या थोड्या मात्रेने ती विरघळते. अंगभर जाड चट्टे किंवा गाठी असतील तर संपूर्ण त्वचेला इलेक्ट्रॉन किरण देतात. ते फक्त वरचे काही मिलिमीटर भेदतात, आतले अवयव सुरक्षित राहतात. पूर्वी ३० ते ३६ ग्रे देत. आता अनेक ठिकाणी १२ ग्रे देतात, कारण त्रास कमी होतो आणि पुढे गरज पडली तर पुन्हा देता येतात. केस-नखं तात्पुरती जातात, घाम काही काळ येत नाही.

मलम आणि प्रकाश पुरले नाहीत तर?

पोटातून किंवा इंजेक्शनने घ्यायची औषधं. बेक्झारोटीनच्या कॅप्सूल, कमी मात्रेतलं मेथोट्रेक्सेट, इंटरफेरॉन. बेक्झारोटीन घेताना थायरॉइड जवळजवळ सगळ्यांचंच मंदावतं आणि ट्रायग्लिसराइड चढतात, म्हणून थायरॉइडची गोळी आणि चरबीसाठी फेनोफायब्रेट सहसा आधीच सुरू करतात. जेमफायब्रोझिल मात्र त्याच्यासोबत चालत नाही.

रक्तात आजार असेल तर फोटोफेरेसिस. रक्त काढून त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, सोरालेन मिसळून यूव्हीए प्रकाश देतात आणि परत शरीरात सोडतात. रिचर्ड एडेलसन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये याचे निष्कर्ष मांडले. त्रास अगदी कमी, पण गुण यायला सहा महिनेही लागतात.

नव्या औषधांत दोन महत्त्वाची. ब्रेंटुक्सिमॅब वेडोटिन सीडी३० असलेल्या पेशींना शोधून त्यांच्यात विष सोडतं. हातापायाला मुंग्या, बधिरपणा हा त्याचा मुख्य त्रास, आणि तो लपवून ठेवू नये. मोगामुलिझुमॅब रक्तातल्या आजारावर विशेष प्रभावी. त्याने कधी असं पुरळ उठतं की आजारच उलटल्यासारखं वाटतं. औषध बदलण्याआधी बायॉप्सी करून खात्री करतात.

यांनीही भागलं नाही तर रोमिडेप्सिन, जेमसायटाबिन किंवा लायपोसोममधलं डॉक्सोरुबिसिन. एका वेळी एक औषध द्यायचं, अनेकांचा मारा नाही. पुढच्या टप्प्यातल्या, तब्येत झेपेल अशा निवडक रुग्णांसाठी दात्याच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण. दीर्घकाळ आजारमुक्त राहण्याची खरी आशा त्यातच आहे, पण जोखीमही मोठी. मोगामुलिझुमॅब घेतलं असेल तर प्रत्यारोपणाआधी पुरेसं अंतर ठेवावं लागतं, म्हणून तो विचार मनात असेल तर आधीच बोला.

बी-पेशींच्या लिम्फोमाचे उपचार वेगळे का?

हो, आणि बरेचसे सोपे. एक-दोनच गाठी असतील तर किरण किंवा शस्त्रक्रिया. संथ प्रकारात अनेक ठिकाणी असतील तर नुसतं लक्ष ठेवणं, गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा रिटुक्सिमॅब हे बी-पेशींवर नेम धरणारं औषध. पुन्हा उगवणं नेहमीचं आहे. त्याने आयुष्य कमी होत नाही. लेग टाइपला मात्र रिटुक्सिमॅबसह केमोथेरपी लागते, जोडीला बहुधा किरण.

खाजेने जीव नकोसा झालाय.

हे सांगायला लाजू नका, खाज हा या आजाराचा अर्धा भाग आहे. साधी ॲलर्जीची गोळी इथे बहुधा पुरत नाही. दिवसातून दोनदा तरी जाडसर मॉइश्चरायझर, कोमट पाण्याची छोटी आंघोळ, नखं बारीक. त्यापुढे गॅबापेंटिन किंवा रात्री मिर्टाझापिन उपयोगी पडतं. खाज अचानक वाढली, चट्टे ओलसर झाले तर स्टॅफिलोकॉकस जिवाणूचा संसर्ग शोधायला हवा. हा जिवाणू नुसता जखम चिघळवत नाही, लिम्फोमाच्या पेशींनाही चेतवतो. अँटिबायोटिकने कधी कधी खुद्द आजारच निवळतो.

मुलांना आणि गरोदरपणात?

मुलांत तो होतो, बहुधा पांढुरक्या रूपात, आणि नॅरोबँड यूव्हीबीने आटोक्यात राहतो. गरोदरपणात मेथोट्रेक्सेट आणि बेक्झारोटीन पूर्ण वर्ज्य, त्यामुळे मूल हवं असेल तर आधीच सांगा. सौम्य स्टेरॉइड मलम आणि नॅरोबँड यूव्हीबी तेव्हाही चालतात.

बरा होतो का? किती वर्षं आहेत?

मायकोसिस फंगॉइड्स मुळासकट जाणं विरळ. चट्टे पूर्ण विरतात, पुन्हा येतात. मधुमेहासारखा सांभाळायचा आजार म्हटलं तर चित्र बरोबर उभं राहतं. स्टेज १ए मधल्या माणसाचं आयुर्मान त्याच वयाच्या इतर माणसांइतकंच असतं. तो बहुधा दुसऱ्याच कशाने जातो, फार म्हातारा होऊन. गाठी आल्या की चित्र बदलतं; २बी मध्ये पाच वर्षांनंतर निम्म्याच्या आसपास रुग्ण हयात असतात, सेझारीत त्याहून कमी. हे आकडे बरेचसे नव्या औषधांच्या आधीच्या काळातले आहेत. वय, रक्तातला सहभाग, एलडीएच हे एंझाइम वाढलेलं असणं, आणि पेशी आकाराने मोठ्या होऊ लागणं या गोष्टींनी धोका वाढतो.

पुढच्या तारखेआधीच डॉक्टरांकडे कधी जावं?

चट्ट्याच्या जागी टणक गाठ उठली, जखम भरेना, काखेत किंवा जांघेत गाठ हाताला लागली, अंग सगळीकडून लाल झालं, वजन कारण नसताना उतरलं, तर तारखेची वाट पाहू नका. ताप आणि पसरणारी लाली असेल तर त्याच दिवशी जा. पुढच्या टप्प्यातले बरेच रुग्ण लिम्फोमाने नव्हे, तर फुटलेल्या त्वचेतून शिरलेल्या जंतुसंसर्गाने दगावतात.